राखीव सायकल

दसऱ्याच्या दिवशी सकाळी, उम्म अल कुवैनच्या आतल्या भागात, वाहनांसाठी बंद केलेल्या एका रस्त्यावर, एका उंटिणीने सायकलच्या हँडलला बांधलेला झेंडूचा हार खाल्ला. हार सुतळीने घट्ट बांधलेला असल्यामुळे हाराबरोबर सायकलही वर गेली. सायकलच्या मालकांनी मागचे चाक धरून ठेवले. ओढाताण फार वेळ चालली नाही. सुतळी तुटली आणि मालक मागच्या मागे निवडुंगात पडले. त्यांचा उजवा तळहात आणि कमरेखालचा मागचा भाग काट्यांनी भरला. आणखी कोणाला इजा झाली नाही. उंटीण आणि तिचे पिल्लू सुखरूप होते.

मालकांचे वय तेव्हा साठीला आले होते. शारजातल्या अल नहदामध्ये, दुबईच्या हद्दीला लागून असलेल्या एका टॉवरमध्ये, ते पत्नी आणि मुलीबरोबर राहत. मूळ पुण्याचे. इमारतीतली मराठी मंडळी त्यांना काका म्हणत, बाकीचे सायकल अंकल. नोकरी लिफ्टच्या तपासणीची. उंच इमारतींमध्ये जाऊन लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दरवाजे बघायचे आणि सही करायची किंवा नाकारायची. नाकारण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. एका हॉटेलच्या उद्घाटनाला पाहुण्यांना जिन्याने वर जावे लागले ते काकांमुळे, असे सांगतात. काकांनी त्याला कधी दुजोरा दिला नाही. "जिना चांगला होता," एवढेच ते म्हणत.

सायकलचे वेड कशामुळे, असे विचारले की उत्तर ठरलेले होते. "आयुष्यभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ द्या."

इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल न्यायला बंदी होती. तशी पाटीही होती. काका सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमध्ये शिरत. केरळचा वॉचमन धावत येई.

"अंकल, सायकल नॉट अलाउड."

काका लिफ्टच्या छताकडे बघत. "ये तुम्हारा लिफ्ट तीसरे माले पे झटका देता है. मालिक को बताया?"

"नही, अंकल."

"बताओ. यल्ला, चलो."

तोवर दरवाजा बंद झालेला असे.

घरात बाल्कनीत सायकली एकीला एक टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मधोमध तुळस होती आणि तुळशीला पाणी घालायला काकूंना एका चाकावरून पाय टाकून जावे लागे. "लोकांच्या घरी पाहुणे येतात," काकू म्हणत, "आमच्या घरी टायर येतात." त्यांचा खरा राग मात्र चिमट्यावर होता. भुवया कोरण्याचा त्यांचा एक चांगला, टोकदार चिमटा काकांनी टायरमधले काटे काढायला पळवला होता. तो सायकलच्या पिशवीत कायमचा राहायला गेला. काकूंनी दुसरा आणला. काकांनी दोन्ही वापरून पाहिले आणि पहिलाच बरा, असा निर्णय दिला.

टूर शनिवारी असे. शारजात शुक्रवारपासून सुट्टी लागते, अबू धाबीत शनिवारपासून, आणि टूरला येणाऱ्यांपैकी एक जण अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत राहत होता. तो बँकेत होता. आपली सायकल कार्बन फायबरची आहे हे त्याने पहिल्याच भेटीत, पहिल्याच वाक्यात सांगितले, म्हणून काकांनी त्याचे नाव कार्बन ठेवले. ते नाव त्याला आवडले, ही अडचण झाली. शेजारी म्हणून मलाही बोलावणे असे. वर्तमानपत्रात काम करतो म्हणून मी 'पत्रकार'. "पत्रकार, सीट वर घ्या. गुडघे कानाला लागताहेत."

शुक्रवारी संध्याकाळी फोनवर मेसेज येई. 'उद्या टूर. उजाडताना. हेल्मेट, भरपूर पाणी, जादा ट्यूब. गप्पा परतताना.'

टूर हा शब्द काकांचा. सामान नसेल तर ती टूर नाही, ती फेरी, असे ते म्हणत. त्यामुळे सकाळभराच्या प्रवासालाही मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लागत. त्यांत थर्मासमध्ये चहा, फडक्यात गुंडाळलेली थालीपिठे, नट आवळायचे पाने, पंप, चिमटा आणि एक काळी छत्री. या देशात छत्री कशाला, असे कार्बनने एकदा विचारले. "ऊन पडत नाही का?" काकांनी विचारले.

रस्ता त्यांनीच शोधला होता. औद्योगिक भागातल्या एका कारखान्याची लिफ्ट तपासायला गेले असताना वाट चुकून ते या रस्त्याच्या तोंडाशी पोहोचले. पूर्वी हा रस्ता आतल्या खडीच्या खाणीकडे जात होता. खाण बंद पडली, पलीकडून नवा हमरस्ता झाला आणि या रस्त्याच्या दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे लागले. ठोकळ्यांमधून माणूस जाईल, सायकल जाईल, गाडी जाणार नाही. आत पंधरा-सोळा किलोमीटर डांबर होते. काही ठिकाणी वाळू आडवी येऊन बसलेली. वाटेत कोणाची तरी जुनी नर्सरी होती. मालक निघून गेला, पाण्याच्या नळ्या फुटल्या, बाकीची झाडे जळून गेली आणि निवडुंग राहिला. तो कुंपण सोडून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरला होता. काही खांबासारखे उंच, काही बादलीएवढे गोल, आणि सगळ्यात जास्त फड्या, हातावर हात ठेवावेत तसा वाढलेला.

पहिल्या दिवशी काकांनी तिथूनच काकूंना व्हिडिओ कॉल केला. "बघ, इथे कोण भेटलं."

"कोण?"

"आपला फड्या."

काकूंनी थोडा वेळ पाहिले. "त्याच्यासाठी मला उठवलंत?"

उंच निवडुंगांना काकांनी आपल्या जुन्या वरिष्ठांची नावे दिली होती. "हे आमचे पहिले जीएम. यांना लांबून सलाम करायचा. हे दुसरे, यांना फूल येतं असं म्हणतात, कोणी पाहिलेलं नाही." वळणावर वाकलेला एक होता, तो पर्सोनेलवाला. त्याच्याजवळून जाताना काका हँडल जरा पलीकडे घेत.

त्यांच्या हँडलला पुण्याहून आणलेला पितळी भोंगा होता, रबराचा फुगा दाबून वाजवायचा. त्या रस्त्यावर माणूस नव्हता, गाडी नव्हती, तरी प्रत्येक वळणाआधी भोंगा वाजे. कार्बनचे कान किटले. "काका, इथे कोणीही नाहीये."

"नाही हे वाजवल्याशिवाय कळणार कसं?"

एक शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी आला नाही. वळणापलीकडे जाऊन ते हात वर करीत आणि दिसेल ते सांगत. "वाळू आहे, डावीकडून." "काच आहे, उतरून." काहीच नसेल तर म्हणत, "बघून या." रस्ता मोकळा आहे, असे त्यांनी कधी म्हटल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

उंटांबद्दलही काकांचे मत ठाम होते. आसपास उंटांचे गोठे होते आणि कार्बनला उंटांची भीती वाटे. काकांनी त्याला पहिल्याच टूरमध्ये निर्धास्त केले. "आपल्याकडे शेताला निवडुंगाचं कुंपण का घालतात? गुरं येऊ नयेत म्हणून. जिथे निवडुंग, तिथे जनावर तोंड घालत नाही. हा सगळा रस्ता कुंपणातला आहे." हे त्यांनी इतक्या खात्रीने सांगितले की कोणी पुढे विचारले नाही.

काकांच्या गाडीमागच्या सायकलींच्या रॅकवर दर शनिवारी एक निळी सायकल जादा असे.

ती मुलीची होती. मुलगी चोवीस वर्षांची, जन्म आणि शाळा इथलीच, नोकरी दुबईत. काका मराठीत बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई आणि दोघांनाही त्यात काही वेगळे वाटत नसे. ती टूरला दर वेळी येई, पण सायकल चालवत नसे. काकूंना गाडी येत नाही आणि टूरनंतर काकांना झोप अनावर होते, म्हणून परतताना गाडी ती चालवी. काका निळी सायकल रॅकवरून उतरवत, पुसत, हवा भरत आणि ठोकळ्याला टेकवून ठेवत. मुलगी तिच्याशेजारी घडीची खुर्ची टाकून लॅपटॉप उघडी. काकू दुसऱ्या खुर्चीवर. आम्ही परत आलो की निळी सायकल पुन्हा रॅकवर चढे. तिच्या टायरवरचे रबराचे बारीक केसही झिजले नव्हते.

कार्बनने एकदा विचारले, "ही कोणाची?"

"राखीव आहे," काका म्हणाले.

त्यांनी मुलीला कधी "चल" म्हटलेले ऐकले नाही. फक्त निघताना ते एकदा तिच्याकडे बघत. ती म्हणे, "आय ॲम गुड हिअर, बाबा." मग काका म्हणत, "यल्ला," आणि आम्ही निघू.

यामागचे कारण मला काकूंनी सांगितले, त्यांच्या स्वयंपाकघरात, कोथिंबीर निवडताना. काकांकडून त्याला दुजोरा मिळालेला नाही. मुलगी सोळा वर्षांची असताना इमारतीमागच्या मातीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सायकल चालवी. गाड्या दाटीने लागलेल्या असत. काका कोपऱ्यावर उभे राहत, दोन्हीकडे बघत आणि तिला हाक मारत. त्या दिवशीही त्यांनी बघितले आणि म्हणाले, "ये, मोकळं आहे." सामान पोहोचवणारा एक पिकअप दोन गाड्यांमधून मागे येत होता. मुलीचा डावा पाय मोडला. पाय जुळला, चांगला जुळला. "डॉक्टर म्हणाले, नाचता येईल," काकू म्हणाल्या. "ती नाचली पण, कॉलेजात. पण सायकल नाही. आणि रस्ता ओलांडताना अजून माझा दंड धरते. माझा. यांचा नाही."

त्यानंतर वर्षभराने काका गाडी नसलेला रस्ता शोधू लागले. सापडायला आणखी चार वर्षे गेली.

सप्टेंबरमध्ये, उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या टूरला, रस्त्याच्या कडेने नारिंगी खुंट्या दिसल्या. ठरावीक अंतरावर, दोन्ही बाजूंना, थेट नर्सरीपर्यंत. काका एका खुंटीपाशी उतरले, तिच्यावरचे आकडे वाचले आणि परत सायकलवर बसले. वळणावर त्यांनी भोंगा वाजवला नाही. कार्बनला ते जाणवले. "काका, बरे आहात ना?"

"रस्ता रुंद करताहेत," काका म्हणाले. "उघडणार."

परतताना त्यांनी आम्हाला सांगितले की हे खाली बोलायचे नाही. खाली म्हणजे ठोकळ्यापाशी, मुलीसमोर. तिला घाई वाटायला नको. गाडी नसलेला एवढा लांब, एवढा शांत रस्ता त्यांना दुसरा माहीत नव्हता. आणि तिने कधी काळी सायकलचे मनावर घेतलेच तर ते इथेच होईल, असे त्यांनी धरले होते. हे सगळे त्यांनी एका वाक्यात सांगितले. "आता दिवस थोडे आहेत, पण तिला नाही सांगायचं."

दसरा त्या वर्षी शनिवारी आला.

दसऱ्याला वाहनांची पूजा करायची आणि सायकल हे वाहन आहे, यावर काका आणि काकूंचे एकमत होते. तसे क्वचित होई. काकूंनी आदल्या दिवशी बर दुबईहून झेंडूची फुले आणि आपट्याची पाने आणली. उजाडताना ठोकळ्यापाशी सायकली ओळीने लागल्या. निळीही. काकूंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावले आणि काकांनी हँडलला हार बांधले. लिफ्टचा दोर बांधावा तसे, दुहेरी गाठ मारून.

मग काकूंनी काकांच्या पिशवीत हात घातला आणि चिमटा काढून पर्समध्ये टाकला.

"अगं, तो लागतो," काका म्हणाले.

"आज संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम आहे. आज सण आहे. आज माझ्या भुवयांचा दिवस."

"काटा लागला तर?"

"तुमच्याकडे जनावर येत नाही, काटा कसा येईल?" काकू म्हणाल्या. मुलगी हसली. काकांनी तिच्याकडे नेहमीसारखे एकदा पाहिले.

"आय ॲम गुड हिअर, बाबा."

"यल्ला," काका म्हणाले.

नर्सरीच्या पलीकडच्या वळणावर, म्हणजे ठोकळ्यापासून दहा-अकरा किलोमीटर आत, उंटीण रस्त्यात उभी होती. पिल्लू तिच्या मागे. ती फड्या निवडुंग खात होती. काट्यांसकट, सावकाश, डोळे अर्धवट मिटून. काका सायकलवरून उतरले आणि काही क्षण नुसते बघत राहिले. मग त्यांनी भोंगा वाजवला. उंटिणीने मान वळवली आणि तिला झेंडू दिसला.

पुढचे सुरुवातीला सांगितलेच आहे. ओढाताण चालू असताना कार्बन आणि मी आपापल्या सायकली घेऊन रस्त्याच्या कडेला धावलो. तिथे उंटिणीने पाडलेले निवडुंगाचे तुकडे पसरलेले होते. चारही टायर बसले. काकांच्या सायकलच्या पुढच्या चाकावर पिल्लाने पाय ठेवला होता. ते चाक आता गोल नव्हते. आमचे हार उंटिणीने नंतर, शांतपणे खाल्ले.

जादा ट्यूब होत्या. पण टायरमधला प्रत्येक काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, हा काकांचाच नियम होता आणि बरोबर होता. काटे केसासारखे बारीक होते. चिमटा काकूंच्या पर्समध्ये होता.

कार्बनने फोन स्पीकरवर लावला. "काकू, काका जरा निवडुंगात बसलेत."

"बसलेत म्हणजे?"

"पडून बसलेत."

"मग उठवा त्यांना."

"उठवलं. पण काटे आहेत. चिमटा पाहिजे."

"मी सकाळी काय म्हटलं होतं..."

"काकू, ते नंतर."

"तिला सांग, आम्ही चालत येतो," काका म्हणाले. ते उभेच होते. बसण्याचा प्रश्न नव्हता.

"या उन्हात? आणि त्या अवस्थेत?" काकू म्हणाल्या.

"अवस्था ठीक आहे."

"गाडी ठोकळ्यातून येत नाही. वाळूत घातली तर रुतेल. मी काय करू?"

मग मुलीचा आवाज आला. जवळ नव्हता, बाजूने. "आई, गिव्ह मी द चिमटा."

"अगं थांब... अगं, ऐक तरी..."

पुढे फक्त खडखड ऐकू आली. खुर्ची सरकल्याची असावी. मग काकू म्हणाल्या, "ती गेली."

"कुठे गेली?" काकांनी विचारले.

"कुठे काय, तुमच्याकडे. सायकल घेऊन."

कार्बनने फोन काकांच्या तोंडाजवळ धरून ठेवला होता.

"हेल्मेट?"

"घातलंय."

"हवा बघितली तिने?"

"तुम्हीच भरली ना सकाळी."

"हो," काका म्हणाले.

ऊन चढत होते. मी छत्री उघडून काकांवर धरली. उंटीण रस्त्याच्या डाव्या बाजूला सरकली होती, पण गेली नव्हती. वळणापलीकडचे दिसत नव्हते. काका वाकड्या सायकलपाशी गेले आणि डाव्या हाताने भोंगा वाजवत राहिले. थोडे थांबून, पुन्हा.

"काका, इतक्या लांबून तिला ऐकू येणार नाही," कार्बन म्हणाला.

"उंटांना हलवतोय," काका म्हणाले. उंट हलले नाहीत.

पुढच्या काही वेळात त्यांनी कार्बनला तीन गोष्टी विचारल्या. निळीचे ब्रेक तू पाहिलेस का. नर्सरीपाशी वाळू किती होती. पर्सोनेलवाल्याजवळ ती हँडल बाहेर घेईल का. कार्बन म्हणाला, "घेईल, काका." काकांना निर्धास्त करण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

आधी आवाज आला. चाकाखाली वाळू करकरल्याचा. मग वळणापलीकडून तो थांबला.

"बाबा?"

"इथे आहे."

"इज इट क्लिअर?"

काकांनी डावीकडे पाहिले. उजवीकडे पाहिले. पुन्हा डावीकडे पाहिले. छत्रीच्या सावलीतून ते बाहेर आले होते.

"मोकळं नाहीये," काका मोठ्याने म्हणाले. "डावीकडे उंटीण आहे, पिल्लू आहे. मध्ये वाळू आहे. तुझ्या हँडलला हार आहे, तो आधी काढ आणि डावीकडे लांब फेक. मग उजव्या कडेने ये."

दुहेरी गाठ सुटायला वेळ लागला असावा. मग वळणावरून झेंडूचा हार उडत आला आणि निवडुंगावर पडला. उंटीण त्याच्याकडे गेली. पिल्लू तिच्या मागे गेले. निळी सायकल उजव्या कडेने आली, वाळूत जरा डगमगली, सावरली आणि काकांपासून हातभर अंतरावर थांबली. मुलीचा चेहरा लाल झाला होता. तिने खिशातून चिमटा काढला.

"शो मी," ती म्हणाली.

काकांनी तळहात पुढे केला. तिने छत्रीखाली एकेक काटा काढला. काका तिच्या हाताकडे न बघता निळीच्या टायरकडे बघत होते. रबराचे केस झिजले होते.

"बोर्ड लागलाय, बाबा," मान खाली घालूनच ती मराठीत म्हणाली. "रस्ता उघडणार म्हणून. माझ्या खुर्चीच्या बाजूलाच आहे. दोन आठवडे झाले." मग पुन्हा इंग्रजीत, "यू कुड हॅव जस्ट आस्क्ड."

"काय विचारणार होतो," काका म्हणाले.

"'चल.' ओन्ली दॅट."

तळहात झाला. उरलेल्या भागाचे काम कार्बनकडे आले. ते छत्रीआड झाले. "काका, हलू नका. माझ्या बँकेत कळलं तर..." "तू हात हलवू नकोस म्हणजे झालं." मग त्याच चिमट्याने मुलीने आणि मी टायरमधले काटे काढून ट्यूब बदलल्या.

उंटांचा माणूस पिकअप घेऊन वाळूतून आला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. काका उभ्याने. त्या माणसाने उंटिणीच्या जबड्याला चिकटलेल्या केशरी पाकळ्या पाहिल्या, मग सायकल पाहिली.

"फूल किधर से आया, साब?"

"आज हमारा त्योहार है," काका म्हणाले.

"तो इसका भी हो गया."

काकांनी त्याला आपट्याचे पान दिले आणि सोने म्हणून ठेवायला सांगितले. त्याने ते पगडीत खोचले. वाकडी सायकल आणि काकांना ठोकळ्यापर्यंत सोडतो, असे तो म्हणाला. काकांनी अट घातली. "रोड पे नही. रोड गाडी के लिए बंद है. रेती से चलो." पिकअपमध्ये पुढे बसणे शक्य नव्हते. ते मागच्या हौद्यात, दांडीला धरून उभे राहिले.

निघण्याआधी त्यांनी भोंगा आपल्या हँडलवरून सोडवला आणि मुलीपुढे धरला. "वळणावर वाजव."

"देअर्स नोबडी, बाबा."

"नाही हे वाजवल्याशिवाय कळणार कसं?"

तिने तो घेतला. परतीच्या रस्त्यावर ती पुढे होती, मागे आम्ही, आणि रस्त्याला समांतर वाळूतून पिकअप हळूहळू येत होता. त्यात काका उभे होते. पर्सोनेलवाल्यापाशी तिने हँडल बाहेर घेतले आणि भोंगा वाजवला. पिकअपमधून काकांनी हात वर केला. काही सांगितले नाही.

ठोकळ्यापाशी काकूंनी आधी मुलीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "बसा," त्या म्हणाल्या. "नको," काका म्हणाले. "खलास. घरी चला." त्या दिवशी रॅकवर निळी सायकल मुलीने चढवली. संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमाला काकू भुवया न कोरता गेल्या. काका शेवटच्या रांगेत उभे होते.

दिवाळीपर्यंत त्या रस्त्यावर आणखी टूर झाल्या. दर वेळी पाच माणसे गेली. त्यांत काकू खुर्चीवर, बाकीचे सायकलवर. जानेवारीत ठोकळे उचलले गेले आणि रस्ता वाहनांसाठी उघडला. डाव्या बाजूचा निवडुंग रुंदीकरणात गेला. उजव्या बाजूचा आहे. पहिल्या जीएमच्या पायथ्याशी पडलेला फड्याचा एक तुकडा काकांनी आणला होता. तो आता बाल्कनीत, तुळशीशेजारच्या कुंडीत आहे आणि त्याला दोन नवे कान फुटले आहेत. काकूंच्या म्हणण्यानुसार पाणी दोघांना त्याच घालतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एका शनिवारी, सकाळी, अल नहदातल्या त्या इमारतीमागच्या पार्किंगमधून दोन सायकली बाहेर पडताना वॉचमनने पाहिल्या. कोपऱ्यावर दोन्ही थांबल्या. मुलीने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि मागे वळून वडिलांना हाताने खूण केली. पुढची सायकल निळी होती. भोंगा तिच्यावर होता.